युरोपातल्या कॉम्प्युटर सायन्सच्या एचओडींनी मिळून लिहिलेला एक रिपोर्ट आणि त्याचं पुढे काय झालं

निक्लाउस विर्थ हे नाव ज्यांनी कॉलेजात पास्कल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलीय त्यांना वेगळं सांगायला नको. झ्युरिकच्या ईटीएचमधले प्रोफेसर, १९८४ चं ट्युरिंग अवॉर्ड (कॉम्प्युटर सायन्समधला सगळ्यात मोठा पुरस्कार), आख्ख्या पिढीला प्रोग्रॅमिंग शिकवलेला माणूस. आता गंमत नाही, खरंच असं होतं की २००८ च्या आसपास आयएसआयच्या वेब ऑफ सायन्समध्ये, म्हणजे कुणाचे पेपर कुठे छापले आणि किती जणांनी त्यांचा हवाला दिला याच्या डेटाबेसमध्ये, त्यांचं नाव टाकलं तर काही किरकोळ पेपर यायचे पण पास्कल भाषा मांडणारा १९७० चा रिपोर्ट यायचा नाही. डोनाल्ड नूथ यांची 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' ही पुस्तकांची मालिका, जिला गूगल स्कॉलरवर तेव्हाच १५,००० च्या वर सायटेशन (म्हणजे इतरांनी दिलेले हवाले) होती, ती तिथे नव्हतीच. आणि आयएसआयने जगातल्या सगळ्यात जास्त साइट झालेल्या संशोधकांची जी यादी काढली होती तिच्यात विर्थ नाहीत, नूथ नाहीत, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमधलं मोठं नाव असलेले डेव्हिड पार्नास नाहीत, आणि २००० ते २००६ या काळात ट्युरिंग अवॉर्ड मिळालेल्या दहा जणांपैकी फक्त एकाचं नाव.

नुसती कुतूहलाची गोष्ट असती तर सोडून दिली असती. पण याच डेटाबेसवरून युरोपातल्या कितीतरी विद्यापीठांत माणसांची प्रमोशनं ठरत होती, विभागांना मिळणारा पैसा ठरत होता, देशादेशांची रँकिंग निघत होती. फिजिक्सवाल्यांना, केमिस्ट्रीवाल्यांना हा डेटाबेस चांगलाच चालतो कारण त्यांचं जवळजवळ सगळं काम जर्नलमध्ये येतं. याला एक माप आहे, इंटर्नल कव्हरेज म्हणतात, म्हणजे डेटाबेसमधले पेपर ज्या ज्या कामांचा हवाला देतात त्यातलं किती त्याच डेटाबेसमध्ये सापडतं. फिजिक्स, केमिस्ट्रीत ते ८० टक्क्यांच्या वर होतं, कॉम्प्युटर सायन्समध्ये ३८ टक्के. म्हणजे आपल्या विषयातले लोक ज्या कामावर उभे आहेत त्याचा निम्म्याहून जास्त भाग त्या डेटाबेसला दिसतच नव्हता, आणि तरी त्यावरून कोण मोठा कोण छोटा हे ठरत होतं.

असं का होतं हे बाहेरच्या माणसाला पटवणं फार अवघड जातं, कारण बाकी बहुतेक विषयांत कॉन्फरन्स म्हणजे जाऊन बोलायचं, चहा प्यायचा, ओळखी करायच्या. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठवला की बहुधा घेतात. कॉम्प्युटर सायन्समध्ये तसं नाही. पूर्ण पेपर पाठवावा लागतो, तीन-चार लोक तो वाचतात, कमिटीत चर्चा होते आणि चांगल्या कॉन्फरन्समध्ये शंभरातले दहा ते वीस घेतले जातात. डेडलाइन ठरलेली, निकालाची तारीख ठरलेली. जर्नलला एखाद्या पेपरसाठी दोन-दोन वर्षं लागतात तिथे इथे काही महिन्यांत हो की नाही कळतं. गूगलची प्रचंड डेटा हजारो मशीनवर वाटून हाताळायची पद्धत, मॅपरिड्यूस, २००४ मध्ये ओएसडीआय कॉन्फरन्समध्ये आला, आणि आज जे सगळे चॅटबॉट आपण वापरतो त्यांच्या पोटात असलेलं ट्रान्सफॉर्मर मॉडेल २०१७ च्या निप्समध्ये आलं, तीही कॉन्फरन्सच. शिवाय सॉफ्टवेअर आहे. फ्रान्सच्या इन्रिया या राष्ट्रीय संशोधन संस्थेतून गणिती सिद्धता तपासणारं कॉक आलं, ओकॅमल ही भाषा आली, लोझानच्या ईपीएफएल या विद्यापीठातून स्काला ही भाषा आली. यातल्या एकेका गोष्टीमागे कित्येक वर्षांची मेहनत आहे आणि पब्लिकेशन लिस्टमध्ये ती एका ओळीत संपते, तीही कुणी मोजली तर.

आता एका विभागप्रमुखाच्या जागी उभं राहून बघा. डीन फिजिक्सचे किंवा बायोलॉजीचे. ते विचारतात तुमच्या विभागाचे जर्नल पेपर इतके कमी का. तुम्ही म्हणता सर आमच्याकडे कॉन्फरन्स जास्त महत्त्वाच्या असतात. ते ऐकून घेतात, मान डोलावतात आणि मनात म्हणतात की ज्यांचे आकडे कमी येतात ते असंच काहीतरी सांगणार. इथेच खरी अडचण आहे. म्हणणं शंभर टक्के खरं आहे, पण ज्याचा त्यात फायदा आहे तोच ते सांगतोय, म्हणून त्याला किंमत नाही. आणि युरोपात हे प्रत्येक देशात वेगळ्या दारात घडत होतं. ब्रिटनमध्ये सरकारी मूल्यमापनाची वेगळी पद्धत, इटलीत वेगळी, स्पेनमध्ये सहा-सहा वर्षांचं काम तपासून पगारवाढ ठरवायची पद्धत, फ्रान्समध्ये विद्यापीठ वेगळं आणि राष्ट्रीय संशोधन संस्था वेगळ्या. प्रत्येक एचओडी आपापल्या भाषेत आपापल्या मंत्रालयाशी एकटाच भांडत होता, आणि शेजारच्या देशातला एचओडी अगदी तेच वाक्य तेव्हाच कुणालातरी सांगतोय हे त्याला बहुतेक माहीत नसायचं.

अमेरिकेत सगळ्या विभागांनी मिळून बोलायची सोय आधीपासून होती. तिथे १९७२ पासून कॉम्प्युटिंग रिसर्च असोसिएशन आहे (सुरुवातीला नाव वेगळं होतं), तिच्यातर्फे युटा राज्यातल्या स्नोबर्डला विभागप्रमुख दर दोन वर्षांनी जमतात, टॉल्बी सर्व्हे नावाचा सर्व्हे १९७४ पासून दरवर्षी निघतो ज्यात किती पीएचडी झाल्या, पगार किती, सगळं मिळतं. आणि मुख्य म्हणजे १९९९ मध्ये त्यांनी एक छोटं मेमो काढलं होतं, डेव्हिड पॅटरसन, लॉरेन्स स्नायडर आणि जेफ्री उलमन यांनी लिहिलेलं, की कॉम्प्युटर सायन्सच्या माणसाला प्रमोशन देताना काय बघावं. अमेरिकन एचओडी ते मेमो डीनच्या टेबलावर ठेवू शकायचा. युरोपियन एचओडीने तेच ठेवलं तर उत्तर यायचं की ते तिकडचं झालं.

ऑक्टोबर २००५ मध्ये झ्युरिकला ईटीएचमध्ये पहिली युरोपियन कॉम्प्युटर सायन्स समिट भरली. पुढाकार दोघांचा, बर्ट्रांड मेयर जे तेव्हा ईटीएचच्या विभागाचे प्रमुख होते आणि आयफेल ही प्रोग्रॅमिंगची भाषा बनवणारे म्हणून आधीच माहीत होते, आणि विली झ्वानेपूल जे ईपीएफएलमध्ये डीन होते. काळही बघा कसला होता. डॉटकॉम फुगा फुटल्यावर कॉम्प्युटर सायन्सला येणारी मुलं कमी झालेली, युरोपभर पदव्या एकसारख्या करायच्या बोलोन्या प्रक्रियेमुळे सगळीकडे पदव्यांची रचना बदलत चाललेली, सगळ्यांच्या डोक्याला एकसारखाच ताप. पुढच्या वर्षी २००६ मध्ये इन्फॉर्मॅटिक्स युरोप ही संघटना रीतसर स्थापन झाली, मुख्यालय झ्युरिकमध्येच, पहिले अध्यक्ष मेयर. एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते ती म्हणजे सभासद म्हणून एकेकटी माणसं घेण्याऐवजी आख्खे विभाग, फॅकल्टी, रिसर्च लॅब घेतले. म्हणजे त्या संघटनेने काही लिहिलं तर ते दहा नामवंतांचं मत म्हणून वाचलं जात नाही, ज्या लोकांना उद्या सकाळी भरती करायचीय, बजेट मागायचंय त्या संस्थांचं ते म्हणणं असतं.

रिपोर्ट आला २००८ मध्ये. नाव 'रिसर्च इव्हॅल्युएशन फॉर कॉम्प्युटर सायन्स', आणि एप्रिल २००९ मध्ये त्याचा सारांश एसीएम या कॉम्प्युटरवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' मासिकात छापून आला, तो जगभर वाचला गेला. लिहिणारे चौघं: मेयर झ्युरिकचे, क्रिस्टीन शोपी पॅरिस १३ विद्यापीठातल्या, योर्गेन स्टाउनस्ट्रुप कोपनहेगनच्या आयटी युनिव्हर्सिटीचे आणि यान व्हान लेउवेन उट्रेख्तचे. चार देश, चार वेगळ्या मूल्यमापन पद्धती. हे मुद्दाम केलं असेल किंवा जमून आलं असेल पण परिणाम असा की कुठल्याही डीनला हे आमच्याच विभागाचं रडगाणं आहे असं म्हणता येत नाही.

त्यात दहा मुद्दे आहेत. सगळे इथे सांगत बसत नाही, पण त्यांचा क्रम आणि सूर बघण्यासारखा आहे. आम्हाला मोजू नका असं कुठेच म्हटलेलं नाही. उलट मोजा, पण निकष आधी जाहीर करा आणि विषयाला साजेसे ठेवा असं म्हटलंय. कॉम्प्युटर सायन्स हे विज्ञान आणि इंजिनिअरिंग दोन्ही आहे तेव्हा त्याची पद्धत वेगळी असणार. निवडक कॉन्फरन्सना आणि पुस्तकांना इथे मोठं स्थान आहे, जर्नल म्हणजे आपोआप वरचं असं नाही. सॉफ्टवेअरसारख्या गोष्टींचा प्रभाव पेपरइतकाच महत्त्वाचा असू शकतो. पेपरवर नावं कुठल्या क्रमाने आहेत त्यावरून सहसा काही ठरवू नये. हा शेवटचा मुद्दा छोटा वाटेल पण बायोलॉजीचा माणूस कमिटीवर असेल तर तो पहिलं नाव आणि शेवटचं नाव बघतो, आणि थिअरीच्या पेपरवर नावं आडनावाच्या अक्षरानुसार असतात, म्हणजे ज्याचं आडनाव झेडने सुरू होतं तो बिचारा आयुष्यभर शेवटचाच, आणि कमिटीला वाटतं हा कायम लॅबचा प्रमुख म्हणूनच नाव लावतो.

मग आकड्यांबद्दल. किती पेपर लिहिले यावरून फार तर उत्पादन कळतं, दर्जा नाही आणि परिणामही नाही. सायटेशन बघा पण तेवढ्यावरच निर्णय घेऊ नका. एका विषयाचे आकडे दुसऱ्या विषयाशी लावून बघू नका. आणि नववा मुद्दा, जो सगळ्यात धारदार आहे: कॉम्प्युटर सायन्सच्या बहुतांश भागासाठी आयएसआय वेब ऑफ सायन्स अपुरं आहे आणि ते वापरता कामा नये. वापरू नये अशी विनंती नाही, वापरता कामा नये. अशा संघटनांच्या कागदपत्रात इतकं सरळ वाक्य क्वचित सापडतं, सहसा असं काही लिहिताना वीस जणांच्या दुरुस्त्या होऊन शेवटी 'सावधगिरीने वापरावे' असं काहीतरी उरतं. शेवटचा दहावा मुद्दा असा की मूल्यमापनाचे निकषसुद्धा तपासले गेले पाहिजेत, बदलले गेले पाहिजेत.

या नवव्या मुद्द्यामागे त्यांच्याकडे पुरावा होता आणि तो मी वर दिलेला आहे, विर्थ, नूथ, ३८ टक्के. अजून एक होता. स्प्रिंगरची लेक्चर नोट्स इन कॉम्प्युटर सायन्स ही कॉन्फरन्सच्या पेपरांची प्रचंड मोठी मालिका, तिला आयएसआय २००६ पर्यंत जर्नल धरत होतं आणि नंतर धरेनासं झालं. पेपर तेच, रिव्ह्यू करणारे तेच, लिहिणारे तेच, बदललं फक्त डेटाबेसमधलं वर्गीकरण. आणि त्या एका बदलाने युरोपातल्या, विशेषतः थिअरी आणि फॉर्मल मेथड्सवाल्या (प्रोग्रॅम बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करणाऱ्या), माणसांच्या यादीतलं कितीतरी काम एका रात्रीत दुय्यम झालं. या उदाहरणापुढे प्रामाणिक माणसाला वाद घालायला जागाच राहत नाही असं मला वाटतं.

पण रिपोर्टच्या हातात सत्ता नव्हती. कुठल्याही मंत्रालयाला तो बंधनकारक नव्हता, आणि युरोपात तर शिक्षण हा ज्या त्या देशाचा विषय. त्यामुळे जे झालं ते हळूहळू आणि देशागणिक वेगळं झालं. २००८ मध्येच वेब ऑफ सायन्सने कॉन्फरन्स प्रोसीडिंग्जचा वेगळा इंडेक्स जोडला. तो या रिपोर्टमुळे जोडला असं मी म्हणणार नाही, तक्रार अनेक ठिकाणांहून होती. वेब ऑफ सायन्सच्या पर्यायांपैकी एक तर युरोपातच उभा होता, जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात मिखाएल लाय यांनी १९९३ मध्ये सुरू केलेली डीबीएलपी ही पेपरांची सूची, जिथे कॉन्फरन्सचे पेपर पहिल्या दिवसापासून जर्नलच्या बरोबरीने नोंदवले जातात आणि जी आज जगातला प्रत्येक कॉम्प्युटर सायन्सवाला वापरतो.

मला जे सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते इटली आणि स्पेनमध्ये घडलं. रिपोर्टमध्ये एक शब्द आहे ज्यावर सगळा भार पडतो, 'निवडक' कॉन्फरन्स. पण निवडक कुठली हे कोण सांगणार? कारण खोट्या, पैसे भरा आणि पेपर छापा अशा कॉन्फरन्सही ढिगाने आहेत, आणि कॉन्फरन्सना किंमत द्या असं म्हटलं की त्याही आत शिरणार. चौघांनी हे काम रिपोर्टमध्ये केलं नाही आणि मला वाटतं ते बरोबरच होतं, आख्ख्या युरोपाची एकच यादी करायला बसले असते तर अजून बसलेलेच असते. ते काम खाली, देशपातळीवर झालं. इटलीतल्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांची जीआयआय, कॉम्प्युटर सायन्सवाल्यांची ग्रिन आणि स्पेनची एससीआयई या तीन संघटनांनी मिळून कॉन्फरन्सची श्रेणी ठरवली, ऑस्ट्रेलियाची कोअर नावाची कॉन्फरन्सची श्रेणीवार यादी आणि सायटेशनचे आकडे एकत्र करून, वर्ग एक, दोन, तीन. म्हणजे मूल्यमापन करणाऱ्या सरकारी संस्थेला जे हवं असतं, एक टेबल, ज्यात नाव शोधलं की श्रेणी मिळते, ते विषयातल्या लोकांनी स्वतः करून दिलं. तक्रार करणं एक आणि समोरच्या क्लार्कला वापरता येईल असं काहीतरी हातात देणं वेगळं, आणि दुसऱ्याशिवाय पहिल्याचा फार उपयोग होत नाही.

२०१८ मध्ये इन्फॉर्मॅटिक्स युरोपने दुसरा रिपोर्ट काढला, या वेळी इटली, स्पेन, फ्रान्स आणि ब्रिटनमधले पाच लेखक. दहाव्या मुद्द्याला ते जागले म्हणायचं. तोपर्यंत वारं बदललेलं होतं, संशोधन कसं मोजावं याबद्दल २०१२ चं सॅन फ्रान्सिस्कोचं जाहीरनामावजा पत्रक आलं होतं, २०१५ चा लायडन मॅनिफेस्टो आला होता, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टरवर (जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती हवाले मिळतात त्या आकड्यावर) माणूस मोजू नका हे आता बायोलॉजीवालेही म्हणत होते. पण प्रश्न संपला होता असं अजिबात नाही. २०१७ मध्येसुद्धा अमेरिकेतल्या यूएस न्यूजने कॉम्प्युटर सायन्सची जागतिक रँकिंग फक्त जर्नलच्या जोरावर काढली आणि कॉम्प्युटिंग रिसर्च असोसिएशनला जाहीरपणे सांगावं लागलं की ही यादी निरर्थक आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कॉन्फरन्सची बाजू २००८ मध्ये जितकी भक्कम होती तितकी आज नाही. निप्सने (आताचं न्यूरिप्स) २०१४ मध्ये एक प्रयोग केला, १६६ पेपर दोन वेगळ्या कमिट्यांना दिले, एकमेकींना न सांगता. साधारण चौथा हिस्सा पेपरांवर दोघींचा निर्णय वेगळा आला, आणि एका कमिटीने घेतलेल्या पेपरांपैकी निम्म्याहून जास्त दुसरीने नाकारलेले निघाले. २०२३ मध्ये त्याच कॉन्फरन्सला १२,३४३ पेपर आले. इतके पेपर वाचायला अनुभवी माणसं आणायची कुठून, मग पीएचडी करणारी मुलंही रिव्ह्यूला बसतात. म्हणजे 'शंभरात वीस घेतले' हा आकडा आता दर्जाचा पुरावा म्हणून एकटा पुरत नाही. माझ्या मते यामुळे त्या रिपोर्टचं मूळ म्हणणं खोटं ठरत नाही, उलट नुसत्या आकड्यांवर निर्णय घेऊ नका या त्यातल्या आग्रहाचं वजन वाढतं, पण तो पुढच्या आवृत्तीचा विषय आहे आणि तो टाळता येणार नाही.

संघटनेने बाकीही बरंच केलं, शाळेत कॉम्प्युटर सायन्स शिकवा यासाठी २०१३ पासून एसीएम युरोपबरोबर लावून धरलं, विभागांमध्ये बायकांचं प्रमाण वाढावं म्हणून २०१६ मध्ये मिनर्व्हा अवॉर्ड सुरू केलं, देशवार विद्यार्थी आणि पगारांची आकडेवारी गोळा केली. पण या रिपोर्टवर एवढं लिहायचं कारण आपल्या दारातलं आहे.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांमध्ये रिसर्च स्कोअरचं टेबल आहे. विज्ञान-इंजिनिअरिंगच्या माणसाला जर्नल पेपरचे ८ गुण, वर इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे ३० पर्यंत वाढीव. कॉन्फरन्समधला पूर्ण पेपर, परदेशात, ७ गुण. बस्स. आणि ही ओळ भाषण, पेपर प्रेझेंटेशन आणि प्रोसीडिंग्जमधला पूर्ण पेपर सगळ्यांना मिळून एकच आहे. म्हणजे आपल्या एखाद्या पोरीने दोन वर्षं घासून पॉपल या प्रोग्रॅमिंग भाषांवरच्या अत्यंत निवडक कॉन्फरन्समध्ये पेपर घातला काय आणि कुणी सुट्टीला जोडून परदेशात कुठल्याही हॉटेलातल्या कॉन्फरन्समध्ये पंधरा मिनिटं बोलून आलं काय, टेबलाला दोघं सारखे. मी स्वतः कॉम्प्युटर सायन्स शिकवतो आणि या टेबलापायी चांगली मुलं-मुली चांगल्या कॉन्फरन्स सोडून मधल्या दर्जाच्या जर्नलच्या मागे लागताना बघितलीयत, त्यांना दोष देता येत नाही, नोकरी त्यावर आहे.

पुण्याचा तर याच्याशी थेट संबंध. चांगल्या जर्नलची जी यूजीसी-केअर यादी २०१९ मध्ये आली तिचा सेल सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातच होता. बोगस जर्नल हटवायचा हेतू चांगला होता आणि त्याची गरजही होती, पण नावाप्रमाणे ती जर्नलची यादी, कॉन्फरन्सवाल्या विषयाचा प्रश्न तिथे सुटणारच नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादी बंद केली आणि दर्जा कसा ठरवायचा हे विद्यापीठांवर सोपवलं, सुचवलेले काही निकष दिले.

म्हणजे आत्ता जागा मोकळी आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात कॉम्प्युटर सायन्सचे विद्यापीठ विभाग हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके आहेत, पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर, संभाजीनगर, जळगाव, नांदेड, गोवा, अजून काही, आणि एचओडी बहुतेक एकमेकांना व्हायवाच्या निमित्ताने ओळखतात. चार विद्यापीठांतले चार जण बसले, दोन पानं लिहिली, कुठल्या कॉन्फरन्स धरायच्या त्याची यादी सोबत जोडली (कोअरची यादी फुकट उपलब्ध आहे, इटली-स्पेनची श्रेणीही बघता येते) आणि सगळ्या विभागांच्या सहीने आपापल्या अकॅडेमिक कौन्सिलमध्ये एकाच महिन्यात मांडली, तर कुलगुरूंच्या समोर येणारा कागद एका विभागाचा नसेल. यूजीसीचं टेबल त्याने बदलणार नाही, पण पीएचडीच्या थिसिसआधी लागणाऱ्या पेपरची अट, विभागाच्या आतली संशोधनाची बक्षिसं, सीड मनी या गोष्टी विद्यापीठाच्या हातात आहेत, आणि सुरुवात तिथून होऊ शकते.